टेकडीवर थांबलीस म्हणून काही बिघडलं नाही

पत्र:

ताई, मी ३४ वर्षांची आहे, माहेर लातूर, लग्न होऊन कोथरूडला आले त्याला ८ वर्षं झाली. दीड वर्षापासून रनिंग करते, आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी वेताळ टेकडीवर जाते. ऑफिसमधल्या मैत्रिणीमुळे एका रनिंग ग्रुपमध्ये आले, माणसं चांगली आहेत पण रोज ग्रुपवर पेसचे, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागली त्याचे, स्क्रीनशॉट पडतात, कोणी सहाच्या पेसनं गेलं, कोणी साडेपाचच्या. माझा टेकडीवर दहा-साडेदहा येतो कारण चढाला मी चालते आणि मध्ये मध्ये थांबते. ते म्हणतात टेकडी सोड, रस्त्यावर ये, डिसेंबरमध्ये हाफ मॅरेथॉन करायची तर असं चालणार नाही. त्यात गुडघा दुखायला लागलाय, उतरताना जास्त. घरी सासूबाई म्हणतात पोरीला झोपलेलं टाकून पळायला कशाला जायचं, बिल्डिंगखाली जिम आहे ती लाव. आणि मलाही हल्ली रोज तीच वाट म्हणून कंटाळा येतो. खरं सांगायचं तर ८ वर्षं झाली तरी पुणं अजून आपलं वाटत नाही, टेकडीवर गेलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. तर मी रस्त्यावर पळू, जिम लावू, की सगळंच बंद करू? नाव छापू नका.

– एक वाचक, कोथरूड

उत्तर:

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझी नजर एकाच ओळीवर अडकली, शेवटाकडची, "खरं सांगायचं तर" म्हणून तू जे लिहिलंयस ती. पेसबद्दल पाच ओळी, गुडघ्याबद्दल एक, सासूबाईंबद्दल एक आणि मग जाता जाता हे. माझ्या मते तुझं पत्र तिथून सुरू होतं, त्यामुळे मीही तिथूनच सुरू करते, गुडघ्याचं आणि हाफ मॅरेथॉनचं नंतर बघू, त्याला सोपी उत्तरं आहेत.

मी सोलापूरची. १९९८ ला लग्न होऊन कर्वेनगरला आले आणि कितीतरी वर्षं मला या शहराचा नकाशाच कळला नव्हता गं. घर ते ऑफिस, घर ते मंडई, घर ते नणंदेचं घर, असे वेगवेगळे दोरे होते आणि ते एकमेकांना जोडलेलेच नव्हते, रिक्षावाला दुसऱ्या रस्त्यानं गेला की पोटात गोळा यायचा. चाळिशीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून एआरएआयच्या, म्हणजे त्या वाहन संशोधन संस्थेच्या, बाजूनं टेकडीवर जायला लागले, चालता चालता पळायला लागले, आणि एका सकाळी, पाऊस होऊन गेला होता, हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती, वरून खाली बघितलं तर सगळं एकदम जुळलं. हा पौड रोड, तो कर्वे रोड, पलीकडे झाडांची रांग आहे ती मुठा, तिकडे पर्वती, मागे तळजाई, आणि लांब नैऋत्येला टॉवरवाला सिंहगड. माझ्या बाल्कनीतून जी टाकी दिसायची ती टाकी वरून मी शोधून काढली. त्या दिवशी घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, मला आता कुठेही सोड, मी घरी येईन. त्याला त्यात काय एवढं ते कळलं नाही, पण तुला कळेल म्हणून लिहितेय. तेव्हा मेट्रोचे खांब नव्हते, आता कर्वे रोडवरचा तो लांब पूल वरून दिसतो, २०२२ च्या मार्चमध्ये वनाजपासून मेट्रो सुरू झाली त्या आठवड्यात आम्ही टेकडीवरचे चार-पाच जण थांबून ती छोटीशी गाडी जाताना बघत होतो, पळायचं राहिलं त्या दिवशी.

म्हणजे मीही थांबते, हे आधी सांगून टाकते. अकरा वर्षं झाली पळतेय आणि अजून थांबते.

आता तुझ्या कंटाळ्याचं. तू लिहितेस रोज तीच वाट. मला विचारावंसं वाटतं की गेल्या महिन्याभरात पळताना तुझं लक्ष वाटेवर जास्त होतं का घड्याळावर? कारण ती वाट रोज तीच नसते. मी एक डायरी ठेवलीये, साधी दोनशे पानी वही, त्यात पळून आल्यावर तारीख आणि एकच ओळ लिहायची, त्या दिवशी टेकडीवर काय दिसलं ती. किलोमीटर लिहायचे नाहीत. आता ती वही चाळली की मला कळतं की जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीच्या वरच्या अंगाला मृगाचे किडे येतात, ते लाल मखमली, आणि त्याच्या आधी महिनाभर पावशा ओरडत असतो, पेरते व्हा पेरते व्हा, तू लातूरची, तुला तो आवाज मी काय समजावून सांगणार. जुलै-ऑगस्टमध्ये गवत कमरेपर्यंत येतं, तेरडा फुलतो, वाटेची रुंदी अर्धी होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सकाळी सगळ्यात आधी जाणाऱ्याच्या तोंडावर कोळ्यांची जाळी येतात, मी हातात एक काडी धरते आणि जाळं दिसलं की बाजूनं जाते कारण त्यानं रात्रभर खपून विणलेलं असतं. मग गवत सोनेरी होतं आणि कुसळं मोज्यात घुसतात, ते मोजे मशीनमध्ये टाकू नकोस, कुसळं बाकीच्या कपड्यांना लागतात, आधी उन्हात बसून वेचायची. फेब्रुवारीत सगळा उतार गुलाबी होतो, बाहेरची माणसं बघून म्हणतात काय सुंदर, पण ते गिरिपुष्प, ज्याला उंदीरमारी म्हणतात ते, मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, लवकर वाढतं आणि गुरं सहसा खात नाहीत म्हणून टेकड्यांवर लावलं गेलं, त्याच्याखाली बाकी फारसं काही येत नाही. मला ते फुललेलं आवडतं आणि वाईटही वाटतं, दोन्ही एकदम. त्याच्या मध्येच एखादा पांगारा, एखादी काटेसावर, पळस, ते खरे इथले. मार्चनंतर वणव्याची भीती, काळे पट्टे दिसतात, आणि त्याच दिवसांत काही आजी-आजोबा पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन वर चढतात, कोणी लावलेल्या रोपांना पाणी घालायला. ती रोपं त्यांची स्वतःची नसतात बरं का, कोणाचीच नसतात.

हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं की कंटाळ्यावरचा उपाय मला नवीन वाट शोधण्यात दिसत नाही. नवी वाट चार दिवस बरी वाटेल, पाचव्या दिवशी तीही जुनी. त्याच वाटेवर जा, आठवड्यातले दोन दिवस घड्याळ घरी ठेव, पूर्ण घरी, खिशात सुद्धा नको, आणि आल्यावर एक ओळ लिही. एक वर्ष लिही. लातूरला तुला तुझ्या गल्लीतलं चिंचेचं झाड कधी बहरतं ते ठाऊक असेल ना, ते काही कोणी शिकवलं नव्हतं, लहानपणी रोज त्याच्याखालून गेलीस म्हणून ठाऊक झालं. पुण्यात तुला असं काय ठाऊक आहे? टेकडीवरचं थोडं थोडं व्हायला लागलंय, आणि म्हणूनच तिथे बरं वाटतं असं मला वाटतं. शहर आपलं वाटायला आठ वर्षं पुरतात का नाही माहीत नाही, पण फ्लॅट, कॅब, लिफ्ट, ऑफिस यात अठरा वर्षं काढली तरी नाही होत ते, पायाखालून जावं लागतं थोडंफार.

आता ग्रुप. ती माणसं वाईट नाहीत हे तूच लिहिलंयस आणि मला ते पटतं, रनिंग ग्रुपमध्ये पहाटे पाचला उठून येणारी माणसं सहसा दिलदार असतात. पण ते जे मोजतायत ते मोजायला तू गेलीच नव्हतीस. आणि हिशोबानंही त्यांचं बरोबर नाही. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर आहे, शहरातल्या सगळ्यात उंच जागांपैकी एक, आणि खालचं पुणं साधारण ५६० मीटरवर, म्हणजे तू कोथरूडातून वर जातेस तेव्हा दोनशे मीटरच्या आसपास चढतेस, त्याचा पेस सपाट डांबरी रस्त्याच्या पेसशी कसा जुळवायचा? डोंगरात पळणारे मोठमोठे लोक सुद्धा उभ्या चढाला चालतात, हात मांडीवर टेकून चालतात, त्याला काही कमीपणा नसतो. तुझी खूण एवढीच ठेव की पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दम लागून दोन शब्दांवर आलीस की चाल. साडेदहाचा पेस त्या वाटेला चांगला आहे, मी साडेअकरानं जाते.

हाफ मॅरेथॉन करायची असेल तर कर की, मला त्याचं वावडं नाही, पुण्यात डिसेंबरच्या मॅरेथॉनची परंपरा १९८३ पासूनची आहे आणि सकाळी रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवणारी माणसं बघितली की डोळे भरून येतात. पण गुडघा दुखत असताना या डिसेंबरची घाई कशाला? पुढच्या वर्षीची धर. टेकडीचे दोन दिवस तसेच ठेव आणि एक दिवस सपाटीचा कर, विद्यापीठात जा, ४११ एकर जागा, जुने वड, सावली, रस्ते शांत, गेटवर आत सोडण्याचे नियम तेवढे विचारून घे. किंवा उन्हाळ्यात नदीपात्राच्या रस्त्यानं, भिडे पुलाच्या बाजूनं, तिथे वास येतो हे खरं आहे, पण खंड्या दिसतो, बगळे दिसतात, आणि जी नदी आपण पुलावरून फक्त ओलांडतो तिच्या कडेनं जायला मिळतं. पावसाळ्यात मात्र नाही, खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो रस्ता आणि पूल दोन्ही पाण्याखाली जातात.

गुडघा. मी डॉक्टर नाही, त्यामुळे सूज असेल, गुडघा मध्येच अडकल्यासारखा होत असेल, नुसतं बसलं तरी दुखत असेल तर हे वाचणं थांबव आणि हाडांच्या डॉक्टरकडे किंवा फिजिओकडे जा. पण फक्त उतरताना दुखतं म्हणतेस तर बहुतेक वेळा त्यात उतरण्याच्या पद्धतीचा हात असतो. आपण चढाला घाबरतो आणि उतार आला की सुटल्यासारखं लांब लांब ढांगा टाकत येतो, पाय पुढे ताठ पडतो, सगळा दणका गुडघ्यात. छोटी पावलं, भरभर, गुडघा जरा वाकलेला, नजर तीन-चार पावलं पुढे. आणि पुढचे तीन आठवडे उतार चालतच उतर, अजिबात पळू नकोस. घरी जिन्याच्या पायरीवर उभं राहून एक पाय हळूहळू खाली टेकवायचा आणि परत वर घ्यायचा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, मांडीचा पुढचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्याचं ओझं कमी होतं. दुखलं तर तिथेच थांबायचं.

लोकांना वाटतं पावसातला चिखल धोक्याचा, मला विचारशील तर एप्रिल-मे जास्त धोक्याचे. कोरड्या खडकावर मुरूम सुटा झालेला असतो, बारीक खडे छर्‍यांसारखे पायाखालून सरकतात. मी सहा वर्षांपूर्वी मे महिन्यातच पडले, एआरएआयच्या बाजूला उतरताना, फोन वाजला म्हणून खिशाकडे बघितलं आणि डावा घोटा वळला, सहा आठवडे घरात. मला रस्त्यापर्यंत आणायला दोन अनोळखी मुलं आणि एक काका आले, काकांनी त्यांची काठी मला दिली आणि ते काठीशिवाय उतरले, सत्तरी पार केलेला माणूस. बरी झाल्यावर काठी परत द्यायला गेले तर म्हणाले ठेव, माझ्याकडे दुसरी आहे. पावसाळ्यात मात्र काळ्या दगडावर शेवाळं धरतं ते बघ, आणि काळी माती बुटाला चिकटून बूट किलोभर जड होतो, एखाद्या दगडावर घासून काढायची. शहरातले गुळगुळीत तळाचे शूज टेकडीला नकोत, खाचा असलेले ट्रेल शूज घे, फार महागातले लागत नाहीत.

एक गोष्ट मी तुला मोठ्या बहिणीच्या हक्कानं सांगते. उजाडायच्या आधी एकटी जाऊ नकोस. टेकड्यांवर लुटालुटीचे प्रकार झालेत, घाबरवायला नाही सांगत, पण अंधारात एकटीनं जाण्यात शौर्य काही नाही. दिसायला लागलं की नीघ, कानात हेडफोन नको, घरी कोणत्या बाजूनं चढणार ते सांगून जा, सोन्याचं काही घालू नकोस. कुत्र्यांचा कळप दिसला की पळणं थांबवून चालायला लाग. आणि रोजच्या माणसांशी ओळख ठेव, नुसता नमस्कार सुद्धा पुरतो. मी आठवडाभर दिसले नाही तर तीन जण विचारतात, त्यातल्या दोघांचं आडनाव मला अजून ठाऊक नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांचं म्हणणं जिममध्ये तू गेलीस तर मिटेल असं मला वाटत नाही, कारण पोर झोपलेली असताना तू घरात नाहीस हे त्यांचं दुखणं आहे, आणि जिमला गेलीस तरी तू घरात नसशीलच. पत्रात नवऱ्याचा उल्लेख नाही. तो त्या वेळी घरात असतो ना? मग ते तीन दिवस सकाळ त्याची, पोरीला उठवणं, दूध, डबा, बसपर्यंत सोडणं, सगळं, आणि हे सासूबाईंना त्यानं सांगायचं, तू नाही. दिवस ठरवून टाक, मंगळवार-गुरुवार-शनिवार म्हणजे मंगळवार-गुरुवार-शनिवार, आणि येण्याची वेळही पाळ, घरच्यांना अनिश्चितपणाचा त्रास जास्त होतो. स्वतःचा एक तास घेतेस यात पोरीचं काही काढून घेत नाहीस. ती मोठी होताना तिला आई म्हणून तू अशी दिसशील, घामेजलेली, मोज्यातून कुसळं काढत बसलेली, मला तरी हे चित्र फार आवडतं.

सासूबाईंना एकदा वर घेऊन जा. जमत असेल त्यांना तर, गाडी एआरएआयच्या बाजूनं बरीच वरपर्यंत जाते, पुढची वाट बऱ्यापैकी सपाट आहे, हळूहळू चालल्या तर अर्ध्या तासात खूप काही दिसतं. वेताळाचं देऊळ आहे, नमस्कार होईल. तू पळायला जातेस म्हणजे नक्की कुठे जातेस हे त्यांनी बघितलेलंच नाहीये बहुतेक, मनात काहीतरी उजाड रान असेल, आणि ते बघितल्यावर त्यांना काय वाटेल ते आत्ताच कशाला ठरवायचं. माझ्या सासूबाई एकदाच आल्या होत्या, मोराचा आवाज ऐकून म्हणाल्या गावाकडं असं ओरडायचे, आणि मग परत येईपर्यंत गावाकडचं सांगत राहिल्या. मी त्यांच्या तोंडून त्यांच्या विहिरीची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा ऐकली, लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर.

जिम लावायला माझा विरोध नाही, भर पावसात आठवडाभर वर जाता आलं नाही तर जिममध्ये मांड्यांचे व्यायाम कर, गुडघ्याला बरंच आहे. पण टेकडीच्या बदल्यात नको. टेकडीला माणसं लागतात गं. टेकडीवरून न्यायच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा वाद तुझ्या कानावर असेलच, २०२३ मध्ये त्या रस्त्याच्या विरोधात लोक मोठ्या संख्येनं चालत निघाले तेव्हा मी होते, आणि मला आजूबाजूला सगळे रोज सकाळचेच चेहरे दिसत होते, काठीवाले, कॅनवाले, कुत्रं घेऊन येणारे, पळणारे. रस्ता हवा म्हणणाऱ्यांचंही म्हणणं मला कळतं, लॉ कॉलेज रोडच्या ट्रॅफिकमध्ये मीही अडकते, पण त्यांच्यातल्या प्रत्येकानं आधी एक वर्ष टेकडी चढावी आणि मग बोलावं असं मला मनापासून वाटतं.

तुझं पत्र सप्टेंबरच्या शेवटी आलं, म्हणजे आत्ता गवत पूर्ण वाढलेलं आहे आणि खाणीत पाणी भरलेलं आहे. येत्या रविवारी पोरीला घेऊन जा, पळायचं नाही, डब्यात पोहे घे, सातच्या आत वर पोचा म्हणजे ऊन लागणार नाही. खाण लांबूनच दाखव तिला, काठावर अजिबात जाऊ देऊ नकोस, पावसानंतर तिथली कड सुटी असते आणि गवतामुळे ती कुठे संपते ते कळत नाही. हात धरून ठेव. आणि वही लिहायला लागलीस तर पहिली ओळ काय लिहिलीस ते मला नक्की कळव.

– ताई